चौथ्या खाटेचा हात

भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर मी जेवता जेवता वाचायला येते. कुणी थापा मारत असेल तर हसते आणि पुढे सरकते. तेव्हा माझं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

पण हे घडलंय. मी होते, आमचे कॅमेरावाले अण्णा होते आणि एक आई होती.

आणि रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार, सकाळचे अकरा. आमच्या चित्रसंग्रहालयाचा पहिला मजला, तीन नंबरचं दालन.

मंगळवारी आम्ही लोकांसाठी बंद असतो. त्या दिवशी मी शाळांचे ऑनलाइन वर्ग घेते. मी चित्राशेजारी उभी राहते, अण्णा चाकांच्या स्टँडवर कॅमेरा घेऊन समोर, आणि मुलं लॅपटॉपवर छोट्या छोट्या चौकटींत. अण्णांनी आयुष्यभर लग्नांचे व्हिडिओ काढले. ते म्हणतात, "चित्रं बरी बाबा. हलत नाहीत आणि माझं तोंड नीट आलं नाही म्हणत नाहीत."

वर्गाची पद्धत ठरलेली आहे. आधी एक मिनिट कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग ज्याला काही दिसलं त्याने हात वर करायचा, म्हणजे एक बटण दाबायचं. त्याच्या चौकटीत पिवळा हात उगवतो. नंबर आला की एकच गोष्ट सांगायची.

आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याने सांगायचं नाही.

हा नियम माझा. मला त्याचा भारी अभिमान होता. त्यामुळे मुलं डोळ्यांत तेल घालून बघतात. आज त्याच नियमाने माझ्या जिवाला घोर लावलाय.

माझ्याकडे आणखी एक बटण असतं. 'सर्व हात खाली'. पावणेबाराला पुढची शाळा येऊन थांबलेली असते, आणि मी घड्याळाच्या बाबतीत खडूस आहे. वेळ संपली की उरलेले हात मी त्या बटणाने पुसून टाकायची. एका टिचकीत.

तर एक वर्ग हॉस्पिटलमधला होता. मोठ्या आजारांच्या मुलांचा वॉर्ड. सात खाटा, सात टॅबलेट, शिकवायला एक बाई. मुलं बदलत राहतात, टॅबलेट तिथेच राहतो, म्हणून चौकटींवर मुलांची नावंच नव्हती. खाट एक, खाट दोन, असं लिहिलेलं. बऱ्याच जणांचा कॅमेरा बंद असायचा. केस गेलेले, चेहरा सुजलेला, नको वाटतं मुलांना.

चित्र होतं 'शिवणारी बाई'. एक खोली, टेबलावर अर्धवट सोललेलं फळ, आपल्याकडे पाठ करून खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर पांढरं कापड. समोर बंद खिडकी, काच काळोखी. बस, एवढंच. एक चित्र आम्ही तीन वर्ग चालवतो, महिन्याला एक.

पहिला वर्ग झकास झाला. कुणाला खुर्चीखाली दोऱ्याचं रीळ दिसलं, कुणाला दाराआड मांजराची शेपटी. सहाव्या खाटेवरचा म्हणाला, "त्या बाईची पाठ दुखत असणार." अण्णांचं हसू कॅमेऱ्यामागून ऐकू आलं.

चौथ्या खाटेचा हात वर होता. बराच वेळ.

मी घड्याळ पाहिलं. अकरा चव्वेचाळीस.

"चौथी खाट, आज वेळ संपली गं. पुढच्या वेळी पहिला नंबर तुझा."

कॅमेरा बंद. नुसता बारीक आवाज आला. "नक्की?"

"नक्की. काय दिसलं ते विसरू नकोस हं."

"नाही विसरणार."

आणि मी बटण दाबलं. तिला बोलायला वीस सेकंद लागली असती. फार तर तीस.

पुढच्या महिन्यात वॉर्डाचा वर्ग सुरू झाला. मी अजून नमस्कारही केला नव्हता...

चौथ्या खाटेचा हात वर.

मला हसूच आलं. "अगं हो, लक्षात आहे माझ्या. पहिला नंबर तुझा. बोल."

कुणी बोललं नाही.

माईक चालू होता. बंद माईकची शांतता मला ओळखू येते, ती कोरडी असते. ही तशी नव्हती. कुणीतरी होतं तिथे... श्वास ऐकू येत होता... मध्येच खुर्ची करकरल्यासारखं झालं.

"लाजू नकोस गं. सांग काय दिसलं ते."

तेवढ्यात माझा मोबाइल थरथरला. वॉर्डातल्या बाई. पडद्यावर त्यांची चौकट रिकामी होती, फोन घेऊन त्या बाहेर गेल्या असाव्यात. मी माझा आवाज बंद करून फोन उचलला.

"ताई, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"चौथ्या खाटेशी. हात वर आहे तिचा."

 त्या हळूच म्हणाल्या, "ती गेली हो. अकरा दिवस झाले. खाट रिकामी आहे. टॅबलेट माझ्या कपाटात आहे, बंद करून ठेवलेला. चावी माझ्या कमरेला आहे."

 वर्गात सहा मुलं होती. पडद्यावर मुलांच्या चौकटी सात.

मी आवाज पुन्हा सुरू केला. काहीतरी बोलून पुढे जायचं होतं. तर सहाव्या खाटेवरचा शांतपणे म्हणाला, "ताई, आज तिचा नंबर आहे ना? आम्ही थांबतो."

म्हणजे तो हात मुलांनाही दिसत होता.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी 'सर्व हात खाली' दाबलं. दोन हात वर आले होते, ते गेले. तिचा गेला नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं...

तो तसाच वर.

नेट गेल्याचं सोंग करून मी वर्गच बंद केला.  अण्णांनी मला पाणी आणून दिलं आणि शेजारच्या स्टुलावर बसून राहिले.

दोन दिवसांनी तिची आई आली.

तो संग्रहालय उघडं असण्याचा वार होता, दालनात चार माणसं होती. खांद्याला कापडी पिशवी, पायात घरातल्या चपला. पहारेकऱ्याने तिला माझ्याकडे आणलं. "ऑनलाइन वर्ग घेता त्या तुम्हीच ना?" तिने विचारलं, आणि ती कोण ते सांगितलं.

मी तिला चित्रासमोरच्या बाकावर बसवलं.

"तिला या चित्रात काय दिसलं होतं हो?"

मी चित्राकडे पाहिलं.

"मी खूप विचारलं. मला म्हणाली, आई, तुलाही नाही सांगणार. आधीच फुटलं आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर माझा नंबर जाईल. दिवस मोजत होती, पुढच्या वर्गाचे. मीही म्हटलं, बरं बाई, तेव्हाच सांग."

माझा नियम. मला त्या बाकावरून उठून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

मी तिला सगळं सांगितलं. तो उंचावलेला हात, घड्याळ, बटण. म्हटलं, "मला माफ करा. अर्धं मिनिट दिलं असतं तर तुम्हाला आज इथे यावं लागलं नसतं."

ती चित्राकडेच बघत होती. "तुम्ही निदान जाग्या होतात," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"तेवीस रात्री मी तिच्या खाटेशेजारी खुर्चीत काढल्या. पाठ टेकली नाही. आणि त्याच पहाटे माझा डोळा लागला. बसल्या बसल्या. नर्सने हलवलं तेव्हा सगळं संपलं होतं." ती माझ्याकडे वळली. "तिने मला हाक मारली असेल का हो? मारली असेल आणि मी उठले नसेन, तर?"

 मी तिचा हात धरला. वेडगळपणा वाटत होता, तरी दुसऱ्या वर्गात काय घडलं तेही सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. पण तिने एवढंच विचारलं, "पुढचा वर्ग कधी आहे?"

तिसरा वर्ग. मंगळवार, अकरा. वॉर्डातल्या बाईंना मी सांगून ठेवलं होतं. आई अण्णांच्या मागे बाकावर बसली होती, तीच पिशवी मांडीवर घेऊन.

चौकटी एकेक करून उघडल्या. एक, दोन, तीन...

चार.

हात वर.

आईने तोंडावर पदर धरला. मी मुलांना म्हटलं, "आज पहिला नंबर चौथ्या खाटेचा. ती सांगेपर्यंत आपण गप्प बसायचं. घाई नाही."  मुलं शहाण्यासारखी थांबली.

दालनात इतकी शांतता की वरच्या दिव्याची गुणगुण ऐकू येत होती. मग पुन्हा तो श्वास... तीच खुर्चीची करकर...

आणि लॅपटॉपवरचं चित्र हलायला लागलं.

हळूहळू मोठं होत होतं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात छातीपाशी वर धरले होते. मान हलवून म्हणाले, "मी नाही, मॅडम."

टेबल सरकलं. फळ सरकलं. बाईचा खांदा आला, तोही बाजूला गेला. खिडकी आली. काळोखी काच... आणि त्या काचेत अगदी पुसट, बाईचा चेहरा.

आठ वर्षं मी ते चित्र लोकांना दाखवतेय. मला तो चेहरा कधी दिसला नव्हता.

डोळे मिटलेले होते. ओठ जरासे उघडे. मान एका बाजूला कललेली.

"झोपलीय ती," आई म्हणाली. ती उठून लॅपटॉपपाशी आली होती. "शिवत नाहीये. बसल्या बसल्या झोप लागलीय तिला."

मग ती मागे सरून बाकावर मटकन बसली. "मी दमले होते म्हणून मला उठवलं नाही तिने," ती म्हणाली. "बघत होती माझ्याकडे. हाक मारली नाही." एवढं बोलून ती जी रडायला लागली, ते पोटातून, इतक्या दिवसांचं. अण्णांनीही चष्मा काढला.

मी पडद्याकडे पाहिलं. पिवळा हात खाली गेला होता. मी कशालाही बोट लावलं नव्हतं. थोड्या वेळाने चौकटही नव्हती.

सहाव्या खाटेवरचा म्हणाला, "छान सांगितलं तिने." काय ऐकलं त्याने, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

संध्याकाळी अण्णा आणि मी त्या वर्गाचं रेकॉर्डिंग लावलं. कॅमेरा तसूभरही हललेला नाही. सबंध वेळ पूर्ण चित्र, लांबून. आईचं रडणं ऐकू येतं. त्याआधीची मिनिटं अगदी कोरडी आहेत, बंद माईकसारखी.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जुनी चित्रं दुरुस्त करतात त्या बाईंना घेऊन मी शिडीवर चढले. त्यांनी जोरदार दिवा लावला, भिंग लावलं, नाक चित्राला लागेपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "या काचेत नुसता काळा रंग आहे. खालीही काही नाही. चेहरा कुठला काढलात?"

आम्ही तिघांनी पाहिला. अण्णा अजून शपथेवर सांगतात.

आता मी 'सर्व हात खाली' दाबत नाही. एकेकाचं ऐकते, मगच तो हात खाली घेते. पुढची शाळा ताटकळते, साहेब बोलतात, बोलू देत.

आई दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येते. त्याच बाकावर तासभर बसते. डबा आणते, कधी मलाही देते. हल्ली जरा बरी दिसते, झोप लागते म्हणाली. तिला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून निघताना दर वेळी चित्राकडे बोट करून मला विचारते, "दिसते ना हो अजून? झोपलेली?"

मी त्या काळ्या काचेकडे बघते, आणि दिसते म्हणून सांगते.