डाव्या दाराने आलेला पाहुणा

आमच्या गल्लीत त्या दिवशी दोन गोष्टी पहिल्यांदाच आल्या. मला बघायला मुलगा, आणि परदेशातून आलेली गाडी. गल्लीला अर्थातच गाडीचं कौतुक जास्त होतं.

चैत्रातलं रावेरचं ऊन. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते आणि मला उचकी लागली होती. धास्ती वाटली की मला उचकी लागते, लहानपणापासूनच. परीक्षेच्या वर्गात लागायची, डॉक्टरकडे लागायची. आज तर सकाळपासून चालूच होती.

गाडी आली ती आवाज न करता. लांबलचक, दुधाळ रंगाची, काचा वर केलेल्या. कडुलिंबाखाली थांबली तशी पोरं गोळा झाली. उजवं दार उघडलं. त्यातून एक जण उतरला — घामाघूम, चेहरा पांढराफटक, तोंडावर रुमाल. कोणाकडे न बघता तो आमच्या ओट्यावर जाऊन बसला आणि डोकं धरलं.

मग डावं दार उघडलं. त्यातून उतरला तो मात्र अगदी निवांत. बाह्या दुमडलेल्या, हातात काळा चष्मा. त्याने आधी कडुलिंबाकडे पाहिलं, मग घराकडे, आणि मग... सरळ खिडकीकडे. मी झटकन मागे सरले. पण पाहिलं ते पाहिलंच त्याने, आणि हसलाही.

उजवीकडचा ड्रायव्हर, डावीकडचा मुलगा. यात विचार करण्यासारखं होतं तरी काय? डॉक्टरांची अॅम्बॅसिडर असो की जिनिंगवाल्यांची फियाट, चालवणारा उजवीकडेच बसतो. मुलाचं नाव खेमचंद; त्याचे मामा तोतारामभाऊ यांचा निरोप होता, ‘आधी मुलगा एका मित्राला घेऊन येईल, पसंती झाली की आम्ही मोठे येऊ.’ मित्राला ऐनवेळी जमलं नसेल, असं आम्ही धरून चाललो.

माझे वडील, चुडामण आबा, हात जोडून पुढे झाले. “या, या पाव्हणे!”

“नमस्कार. अहो, हा जरा—” तो ओट्याकडे हात करून म्हणाला.

“त्याले बसू द्या सावलीत. चहा पाठवतो मी त्याले. तुमी आत चला, पहिले गाडीचं सांगा!”

ज्याची परदेशी गाडी आहे त्याला गाडीचं विचारावं, म्हणजे झालंच. त्याचे मेहुणे कुवेतला होते, परत येताना त्यांनी ही आणली, नंतर ती त्याच्या गळ्यात पडली. बोटीतून आली, मुंबईच्या गोदीत कितीतरी दिवस कागदांसाठी अडकली. काचा बटणाने खालीवर होतात, आत गार हवा येते. मग सुरू झालं रडगाणं. टायर मिळत नाही. साधी रबरी नळी मुंबईला शोधावी लागते. “पांढरा हत्ती आहे हो आबा. पण सकाळी एका झटक्यात सुरू झाली ना, की सगळा राग विसरतो मी.” हे बोलताना त्याचा आवाज इतका मऊ झाला की पोह्यांवर खोबरं घालता घालता माझा हात थांबला. जो गाडीवर इतकं प्रेम करतो...

पोहे देऊन झाले. तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम गोंधळल्यासारखा झाला. आबा आमचे हौशी. म्हणाले, “मागच्या पडवीत बसा दोघं. बोला काय बोलायचं ते.”

“मी?” तो म्हणाला.

“मंग काय मी?” आबा खदाखदा हसले.

पडवीत तो उभाच राहिला.

“बसा ना.”

“नको... उभाच बरा. खरं म्हणजे मला एक—”

मी उचकी दिली. चांगली मोठी.

“बापरे! एवढी कोण आठवण काढतंय तुमची?”

“कोणी नाही. भीती वाटली की होतं मला असं.”

“माझी भीती?”

“मग काय गाडीची?”

तो हसला. “गाडीचीच वाटायला हवी. तिलाही उचक्या लागल्यात, फैजपूरपासून.”

मला हसू आवरेना. एवढा वेळ छातीवर बसलेलं ओझं कुठे गेलं कोण जाणे. मग मी घाईघाईने विचारून टाकलं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. “मला बी.एड. करायचंय. लग्नानंतर. चालेल?”

तो कठड्यावरचे चुन्याचे पोपडे काढत राहिला. “मला विचाराल तर... ज्याला चालणार नाही, त्याच्याशी तुम्ही लग्नच करू नका. पण हे मला विचारायचं नाही. अहो, ऐका, मी—”

“कुमे!” आईची हाक आली, आणि मी पळाले. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

“काय वं, पसंत हाये का तुले?” आईने कानाशी येऊन विचारलं. मी मान खाली घातली आणि हलवली. वरखाली. चांगली दोनदा.

आईने आबांना खूण केली. आबा इतके खूश की स्वतः चहाचा कप घेऊन ओट्यावर गेले. “घे भाऊ, तू बी तोंड गोड कर. गाव कोणतं तुझं?”

ओट्यावरच्या माणसाने रुमाल बाजूला केला. “यावल,” तो क्षीण आवाजात म्हणाला. “मी खेमचंद.”

कप फुटल्याचा आवाज मी आतून ऐकला.

मग झाला तो गोंधळ विचारू नका! डाव्या दाराने आलेला तो मित्र होता, जळगावचा लीलाधर. बी-बियाण्यांचं दुकान होतं त्याचं. गाडी त्याची, चालवणाराही तोच, कारण त्या गाडीचं स्टिअरिंगच डावीकडे होतं. ज्याला आबांनी ओट्यावरच बसू दिलं, तो आमचा होणारा जावई. खेमचंदला आत गादीवर बसवलं, नवे पोहे झाले, आबांनी त्याच्यापुढे हात जोडले. तो बिचारा ‘असू द्या, असू द्या’ म्हणत राहिला. सभ्यच होता. पण शरमेने आबांचा जीव इतका पोळला होता की ते बोलून गेले, “पोरीनं होकार देला, बरं का!”

दाराशी उभ्या लीलाधरने मान वर केली. मी आतून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने नजर खाली टाकली. माझा होकार भलत्याच्याच पदरात पडला होता. आणि भर बैठकीत तो परत मागणार कोण?

निघायची वेळ झाली तेव्हा गाडी सुरूच होईना. लीलाधरने बॉनेट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी खेमचंद म्हणाला, “मी एस.टी.ने जातो. तसंही मला त्या उजव्या सीटवर आता बसवणार नाही.”

“का?” आबांनी विचारलं.

“ड्रायव्हर डावीकडे. ट्रकच्या मागे असलं की याला समोरचं काही दिसत नाही. उजवीकडच्याने मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं, रस्ता मोकळा आहे की नाही. आणि रस्त्याने सगळे केळीचे ट्रक! पोटात नुसतं ढवळून निघालं.”

गाडी राहिली आमच्या दारात, कडुलिंबाखाली. धुळ्याहून पुना मिस्तरी आला. त्याने तासभर गाडीखाली झोपून निदान केलं, “गाडी बठ्ठी बेस शे, फक्त चालस नही.” म्हणजे गाडी सगळी झकास, फक्त चालत नाही. इंजिनातला पेट्रोलचा पंप गेला होता. तो मुंबईहून यायचा होता.

तो यायला महिना लागला. तोवर कोंबड्या गाडीखाली बसू लागल्या. आईने तर बॉनेटवर बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घातले. “तापतं किती छान,” म्हणाली. लीलाधर दर दोन-चार दिवसांनी दुकान बंद ठेवून एस.टी.ने यायचा आणि ते बिबडे हलक्या हाताने बाजूला करायचा. एकही मोडायचा नाही. आई, आबा, शेजारीण, सगळे त्याला ‘लीलाधरभाऊ’ म्हणायचे. मी काहीच म्हणत नव्हते. भाऊ हा शब्द माझ्या जिभेवर येतच नव्हता.

“तुम्ही मला हाकच मारत नाही,” एकदा पाण्याचा तांब्या घेताना तो म्हणाला.

“काय म्हणून मारू?”

“सगळे म्हणतात ते.”

“ते नाही म्हणणार.”

त्याने पाणी पिता पिता माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले त्याचे. उन्हाने नव्हते झाले.

साखरपुडा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी ठरला. खेमचंदची बोलणी मामांनी केली, माझी आबांनी केली. मला रात्री झोप लागेना. पंप आला की गाडी जाणार, गाडी गेली की तो जाणार, आणि मग साखरपुडा. देवापुढे उभी राहून मी काय मागत होते, तर पंप चुकीचा येऊ दे! एकदा आलाही चुकीचा. लीलाधर चिडायला हवा होता. तो खोकं हातात धरून म्हणाला, “चला, अजून थोडे दिवस.”

“कशाला थोडे दिवस?” मी रागाने विचारलं. “बोलत तर काही नाही तुम्ही.”

“खेमचंद माझा मित्र आहे, कुमुद.”

“आणि मी?”

तो खोक्याची दोरी गुंडाळत बसला. मी आत जाऊन इतकी रडले की उचकी आणि हुंदका वेगळा कळेना.

आखाजीच्या दिवशी मैत्रिणी झोका बांधायला आल्या आणि गाडीच्या नावाने बोटं मोडू लागल्या, कारण कडुलिंबाची झोक्याची फांदी नेमकी गाडीवर होती. त्याच दुपारी बरोबर पंप घेऊन लीलाधर आणि पुना आले. खेमचंदही आला होता, उद्याच्या तयारीचं विचारायला. आणि दिवस मावळायच्या आत गाडी एका झटक्यात सुरू झाली. सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी तेवढ्या नाही वाजवल्या.

“सावद्यापर्यंत चक्कर मारू,” आबा म्हणाले. “उद्या मंडळींले घेऊन जायचं यायचं, भरोसा पाह्यजे.”

खेमचंद लिंबू हुंगत मागे बसला. “पुढे मी नाही.”

आबांना लांबचं धड दिसत नव्हतं. तेही मागे बसले. “कुमे, तू बैस पुढं. डोये चांगले हायेत तुझे.”

मी बसले. पुढ्यात स्टिअरिंग नाही, हाताशी काही नाही, नुसता समोरून अंगावर येणारा रस्ता. काच खाली, केळीच्या बागांचा ओला वास. गाव सुटलं आणि पुढे ट्रक आला, केळीच्या घडांनी शिगोशीग भरलेला.

“बघा,” लीलाधर हलक्या आवाजात म्हणाला. “मोकळा आहे?”

मी मान बाहेर काढली. “एस.टी. येतेय. थांबा.” एस.टी. गेली. “बैलगाडी आहे. थांबा... आता जा!”

गाडी सुळकन पुढे गेली. त्याने मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं तसं केलं होतं, डोळे मिटून भरवसा टाकून. महिनाभर घरातल्या कोणीही मला काही विचारलं नव्हतं. पुढे दुसरा ट्रक आला. त्याने पुन्हा विचारलं, “मोकळा आहे?” आणि मला उचकी लागली.

“आबा,” मी मागे न बघता म्हणाले. “त्या दिवशी आईने विचारलं तेव्हा मी पडवीतल्या माणसाला हो म्हटलं होतं. ओट्यावरच्या माणसाला मी पाहिलंही नव्हतं. तुम्ही तो होकार दुसऱ्याला देऊन टाकला. मला मान्य नाही.”

स्टिअरिंगवरचे हात घट्ट झाले. गाडी ट्रकच्या मागे रेंगाळू लागली. मला वाटलं, आबा आता उतरवून देतील मला इथेच.

बोलला तो खेमचंद. “लीलाधर, तुझं काय?”

“मी... तुझ्या वाटेत यायचं नव्हतं मला.”

“मी तुझं काय ते विचारतोय.”

लीलाधरने एक खोल श्वास घेतला. “पंप चुकीचा आला, तेव्हा मी दुकानदाराला मिठाई दिली रे.”

खेमचंद हसला, पण ते हसू लवकर संपलं. “त्या दिवशी ओट्यावर मला पडवीतलं हसू ऐकू आलं होतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, या आपल्यालाही असंच हसून दाखवतील. नाही हसल्या कधी. वाईट वाटतंय, नाही कशाला म्हणू? आबा, मी मामांना सांगतो, माझंच मन होत नाही म्हणून. तुमच्यावर बोल येणार नाही.”

आम्ही त्या ट्रकची धूळ खात राहिलो. समोरून काही येत नव्हतं तरी लीलाधर पुढे जाईना, आणि आरशात आबांकडे बघायची त्याची छाती होईना. माझ्या उचक्या मोजल्यासारख्या पडत होत्या. पाण्याची टाकी गेली, सावद्याची पहिली घरं दिसू लागली.

“लीलाधर,” आबा एकदाचे खाकरले. आज ‘भाऊ’ म्हणाले नाहीत.

“हो, आबा.”

“त्या ट्रकच्या मांगं किती येळ राह्यशील? विचार ना आता तिले, रस्ता मोकया हाये का.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान बाहेर काढली. डोळ्यांत पाणी होतं, तरी लांबवर सगळं स्वच्छ दिसत होतं. ना बस, ना बैलगाडी.

“मोकळा आहे,” मी म्हणाले. “चला.”