उपस्थित : सात

मुख्यालयाने प्राध्यापकांना पाठवले ते एका ओळीच्या कामासाठी : त्या लहानशा फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे त्या जुन्या बंधुसंघाच्या शाखेत, सात सभासद उरले आहेत की नाही, ते प्रत्यक्ष पाहून लिहायचे. सातांखाली सभा भरत नाही; मग सनद परत आणि एकशे चाळीस वर्षांच्या दालनाला कुलूप. सभासद सहाच होते, हे जगजाहीर होते. तरीही गेली नऊ वर्षे इतिवृत्तात प्रत्येक सभेपुढे ‘उपस्थित : सात’ अशी नोंद होती.

प्राध्यापकांचा संताप थंड असे, म्हणून तो टिके. आठवडाभर त्यांनी जुनी इतिवृत्ते वाचली आणि वाभाडे काढायला आलेला हा माणूस भारावून गेला. दालनात धर्म आणि राजकारण हे विषय वर्ज्य. एका वर्षी न्यायाधीश तेथे सुताराच्या आज्ञेत वागला होता, कारण त्या वर्षी अध्यक्षपद सुताराकडे होते. साथीत पोरक्या झालेल्या बारा मुलांना यांनी शिकवले आणि एकाही भिंतीवर स्वतःचे नाव कोरले नाही. यांचा उंबरठाही न ओलांडता यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानांची प्राध्यापकांना किळस आली. आणि अशा घरात खोटी नोंद? तेच त्यांना सोसेना.

सभेच्या दुपारी दारावर म्हातारा द्वारपाल होता. त्याची जागा बाहेर. तो मोजणीत नसे.

“लोक म्हणतात, आत बोकड कापता.”

“खाणार कोण, सर? सहा जणांत मिळून दात अकरा.”

“आणि सातव्यांचे?”

“ते कधी हसलेच नाहीत. मोजणार कसे?”

आत काळ्या-पांढऱ्या फरशीवर सात खुर्च्या होत्या; सहांवर म्हातारे बसले होते.

“सातवे बंधू कुठे आहेत?”

“आलेत,” अध्यक्ष म्हणाले. पेशाने घड्याळजी, बोलणेही मोजके. “ते कोण, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. सनद ठेवायची का, यावर मतदान आहे. तुम्हीच घ्या.”

पद्धत जुनी होती. प्रत्येकाला होकाराची एक पांढरी गोळी, नकाराची एक काळी. मताची गोळी पहिल्या पेटीत, उरलेली दुसरीत. प्राध्यापकांनी दोन्ही पेट्या उलट्या करून झटकल्या, सहा पांढऱ्या आणि सहा काळ्या गोळ्या स्वतः वाटल्या, बाकीच्या खिशात घालून वर बटण लावले.

सहा जण एकेक करून उठले, गोळ्या टाकून जागेवर बसले.

अध्यक्षांनी मतदान संपल्याचे सांगितले नाही. सगळे माना खाली घालून थांबले. एखाद्या वृद्धाला खुर्चीतून उठून चार पावले टाकायला लागेल, तेवढा वेळ.

टक.

मग दुसऱ्या पेटीत. टक.

प्राध्यापकांनी झाकणे उघडली. पहिल्या पेटीत पांढऱ्या गोळ्या. सात.

दुसरीत काळ्या. सात.

खिशाचे बटण लावलेलेच होते.

इतर कोणत्याही संस्थेने त्या सातव्याकडे आधी ओळखपत्र मागितले असते. यांनी खुर्ची दिली होती आणि नोंद खरी ठेवली होती. प्राध्यापकांनी लेखणी काढली आणि अहवालात तीच ओळ लिहिली. सनद राहिली.

सहाही जण चहाला बसले. प्राध्यापक निरोप घेऊन निघाले. द्वारपालाने दार उघडले. पायऱ्या उतरून ते फाटकापाशी पोचले, तरी मागे दार लागल्याचा आवाज आला नाही. त्यांनी वळून पाहिले.

द्वारपाल दार धरून उभा होता.

“सावकाश उतरा,” तो शेजारच्या रिकाम्या जागेला आदबीने म्हणाला. “सर थांबलेत तुमच्यासाठी.”