त्रेचाळीस सारवणांची चूल

"जेवणाची सुट्टी संपली की जेसीबी सुरू होणार. वीसच मिनिटं आहेत आपल्याकडे," असं म्हणत किर्ती चरात उतरली.

खरवई गावाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या सोसायटीच्या टाकीसाठी हा चर काल खणला होता. त्याच्या भिंतीत एक काळी मातीची चूल अर्धी कापून बाहेर आली होती. ती दिसल्यापासून किर्तीच्या बनूआत्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आत्याची सासू सांगायची, पहिल्यांदा रेल्वेचे रूळ टाकत होते तेव्हा आपली माणसं देशावरून खोदकामाला आली, गोऱ्या साहेबाच्या तंबूशेजारी वस्ती करून राहिली, आणि त्यांच्या चुली इथंच होत्या. आत्यानं हे सुपरवायझर दिनानाथला सांगितलं, तर तो सगळ्या मजुरांसमोर हसला.

"मावशी, गेल्या मे महिन्यात इथं लग्नाचा मांडव होता. त्या आचाऱ्याची चूल आहे ती. उगाच गोष्टी रचू नका."

आत्या मान खाली घालून घरी आली. किर्तीला ते फार झोंबलं होतं.

अंबरनाथहून सुट्टीला आलेला तिचा मामेभाऊ सोहम राख चाळत होता. "जळलेली नाचणी आहे यात. आणि सुक्या माशाचे काटे."

"मला बशीचा तुकडा मिळाला. निळी फुलं आहेत बघ," त्याचा उल्हासनगरचा मित्र सनी म्हणाला. "साहेब लोगांची असेल."

"दिनानाथकाका म्हणतील, लग्नात फुटली," किर्ती पुटपुटली. वर जेसीबीचा ड्रायव्हर हात धुताना दिसत होता.

सनीनं चुलीच्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. "यार, ये तो खारी जैसा है. पापुद्रेच पापुद्रे."

किर्ती वाकली. एक पापुद्रा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. बनूआत्या दर अमावस्येला चुलीवर शेणमातीचा हात फिरवते, तोच हा थर. तिनं केसातली पिन काढली आणि मोजायला लागली.

मोजून होतंय तोच वर इंजिन धडधडलं. जेसीबीचा दात त्यांच्या डोक्यावर येऊन थांबला.

"ए, बाहेर निघा आधी!" दिनानाथ खेकसला. त्याच्यामागे इंजिनिअर श्यामकांत उभे होते. काम थांबवणं फक्त त्यांच्याच हातात होतं.

किर्ती हलली नाही. "काका, एकच विचारते. लग्नातला आचारी चूल किती वेळा सारवतो?"

"एकदाच. दुसऱ्या दिवशी मोडायची चूल, तिला परत कोण सारवत बसेल?"

"नक्की ना?" सोहमनं विचारलं.

"पन्नास लग्नं बघितलीत मी. एकदाच."

"मग हिच्यावर त्रेचाळीस थर कसे?" किर्तीनं पिन कापलेल्या कडेवर टेकवली.

श्यामकांत चरात उतरले, किर्तीच्या हातातली पिन घेऊन त्यांनी स्वतः थर मोजले. पंचविसापर्यंत पोचल्यावर त्यांनी हात वर केला आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"ही एका दिवसाची चूल नाही, दिनानाथ. कुणीतरी इथं वर्षानुवर्षं संसार केलाय. टाकी दुसरीकडे घेऊ."

संध्याकाळी श्यामकांतांच्या ओळखीच्या पुराणवस्तू अभ्यासणाऱ्या एक मॅडम कल्याणहून आल्या. बशीचा तुकडा भिंगाखाली धरून त्या म्हणाल्या, "रूळ टाकण्याच्या काळातलीच वाटते. ही मुलं नसती तर आज इथं खड्डा असता. शाबास रे."

मग त्यांनी बनूआत्याला बोलावलं. दिनानाथनं स्वतः खुर्ची आणून ठेवली. "मावशी, माझं चुकलं," तो म्हणाला. आत्या खुर्चीवर बसली नाही, चुलीपाशी गेली. वरच्या थरावर चार बोटांचे अर्धगोल उमटले होते, डावीकडून उजवीकडे. आत्यानं हात न टेकवता त्यांच्यावरून बोटं फिरवली. त्या अर्धगोलांत तिची बोटं बरोबर बसत होती.

"सासूनं असंच शिकवलं होतं मला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर बनूआत्यानं नाचणीच्या भाकरी थापल्या. पहिली तिनं स्वतः खाल्ली.