फाऊल हॅवरकॅम्प मारणार

माझ्यावर विश्वास ठेवाच, असं मी कुणाला म्हणत नाही. हे सगळं मी गॅलरीत बसून या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू दे.

खरं सांगायचं तर, जे पाहिलं ते सांगायला मला काहीच वाटत नाही. मी जे केलं ते सांगताना मात्र जीभ जड होते.

जागा इंडियानातलं बीचर्स फोर्ड. १९११ चा जानेवारी, शनिवारची संध्याकाळ. कॉलेजच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या हंगामातला पहिला सामना होता.

बाहेर बर्फ पडत होतं. आत लोखंडी शेगडी होती, पण नावालाच. खेळणाऱ्यांच्याच काय, बघणाऱ्यांच्याही तोंडातून वाफा निघत होत्या.

मी वर गॅलरीत कठड्याला टेकून बसले होते. शेजारी मिसेस गँट. त्यांची हॅट एवढी अवाढव्य, की मागच्या रांगेतली माणसं दर सामन्याला कुरकुरायची.

खाली आमची पाच पोरं उभी होती. त्यात माझा धाकटा भाऊ वेंडेल. त्याला ऐनवेळी संघात घेतलं होतं...

कारण एक जागा रिकामी झाली होती.

ऑरिन हॅवरकॅम्पची.

ऑरिन ऑक्टोबरात टायफॉईडने गेला. जूनमध्ये आमचं लग्न व्हायचं होतं.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी. आज ज्याला धक्का लागतो, तोच फाऊलचा चेंडू टाकतो. तेव्हा तसं नव्हतं. अख्ख्या संघाचे फाऊल एकच जण मारायचा. त्यासाठी नेमलेला माणूस असायचा, आणि तीन हंगाम आमचा माणूस ऑरिन होता.

तो टोपलीसमोरच्या रेघेवर उभा राहून चेंडू दोन्ही हातांनी गुडघ्यांमध्ये न्यायचा आणि तिथेच थांबायचा. इतका वेळ, की पाहुणी पोरं ओरडायची, "अरे, अंडं घालतोयस का?"

मग नाकातून एक हलकं 'हं'. आणि चेंडू टोपलीत.

पडला, की मान वर करून गॅलरीत माझ्याकडे एकदा बघायचा. तेवढ्यासाठी मी थंडीत कुडकुडत बसायचे.

तर त्या हंगामाला पंच नवा, बाहेरगावचा होता. सामना सुरू होण्याआधी त्याने आमच्या कॅप्टनला, रॉस्को टिलबरीला, नेहमीचा प्रश्न विचारला.

"तुमचे फाऊल कोण मारणार?"

"हॅवरकॅम्प."

रॉस्को सवयीने बोलून गेला. ऑरिन आणि तो एकाच खोलीत राहायचे. तीन वर्षं या प्रश्नाला तो हेच उत्तर देत आला होता. बोलला आणि पोराचा चेहरा पडला.

पण चूक दुरुस्त केली नाही. कुणीच केली नाही.

"अगं बाई! काय बोललं हे कार्टं!" मिसेस गँट पुटपुटल्या.

खेळ सुरू झाला. थोड्या वेळात शिट्टी वाजली. फाऊल आमचा होता.

"हॅवरकॅम्प!" पंचाने पुकारलं.

कुणी हललं नाही...

"हॅवरकॅम्प! चला, चला, झोपलात का?"

कुणीतरी जायला हवं, म्हणून वेंडेल पुढे झाला. हा आमचा वेंडेल घरी बादलीत बटाटा टाकायचा तर बाहेर पाडायचा! मी मनात म्हटलं, झालं, आता लोक हसणार.

वेंडेल रेघेवर आला. चेंडू दोन्ही हातांनी गुडघ्यांमध्ये नेला.

आणि तिथेच थांबला...

बाकी सगळ्या पोरांच्या तोंडातून वाफ निघत होती.

वेंडेलच्या तोंडातून वाफ निघत नव्हती.

'हं.'

चेंडू टोपलीत गेला. फळीचा आवाज नाही... कडीचा नाही... काहीच नाही. तेव्हा टोपलीचा तळ बंद असायचा; पंचाने साखळी ओढून चेंडू खाली पाडला, तेव्हा कुठे धप्प झालं.

त्या दिवशी त्याचा एकही फाऊल चुकला नाही. आम्ही जिंकलो. पोरांनी वेंडेलला खांद्यावर घेतलं आणि तो वर बसून आपल्या हातांकडे बघत राहिला.

घरी आल्यावर त्याने हात गरम पाण्यात बुडवले.

"ली, हे गरमच होत नाहीयेत गं."

"थंडी काय कमी आहे का?" मी म्हटलं.

पुढच्या सामन्यात पंचाने विचारलं, तेव्हा रॉस्को चुकला नाही. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि ठासून सांगितलं, "हॅवरकॅम्प."

पोरं खाली मान घालून हसली.

झालं, तेच सुरू झालं. नाव लाभतंय म्हटल्यावर कोण सोडतो? पोरं मुद्दाम धक्के खाऊ लागली. "अरे, पड ना लेका!" म्हणून एकमेकांना खुणावायची. फाऊल मिळाला, की पंच मेलेल्या माणसाचं नाव पुकारायचा, आणि अख्खं गाव टाळ्या वाजवायचं. त्यात मीही होते.

आमच्या दुकानात बाबांची छाती फुगलेली असायची. "माझा पोरगा!" असं गिऱ्हाइकाला सांगत बसायचे.

मी एकही सामना चुकवला नाही. ऑरिनला आवडायचा तो ब्लाऊज घालून जायचे. आरशासमोर केस नीट करताना माझी मलाच लाज वाटायची. तरी करायचे.

कारण खाली रेघेवर जो उभा असायचा, तो वेंडेल नव्हता. तो पाय आत वळवून उभा राहायचा, खांदा पाडायचा, मान तिरकी करायचा... ते मी झोपेतही ओळखलं असतं.

फक्त एक गोष्ट तो करत नव्हता. चेंडू पडला, की वर बघत नव्हता.

मी म्हणायचे, पुढच्या वेळी बघेल.

मग त्याच्या पुढच्या वेळी.

फेब्रुवारी संपत आला, तोवर वेंडेल अर्धा झाला होता. सूप पिताना चमचा वाडग्यावर कडकड वाजायचा. आई म्हणायची, अभ्यासाचा ताण आहे. मला माहीत होतं कसला आहे.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात बिस्किटांचं पीठ मळत होते. तो येऊन दारात उभा राहिला.

"ली, एक काम करशील? रॉस्कोला सांग. माझं नाव घे म्हणावं. प्रूट म्हण."

"तूच सांग ना."

"सांगितलं. हसतात सगळे. म्हणतात, गप रे, जिंकतोय ना आपण! तू सांगितलंस तर मुकाट ऐकतील. ऑरिन तुझा होता. तू नको म्हणालीस, तर ते नाव घ्यायची कुणाची हिंमत नाही."

मी पीठ मळत राहिले.

"रेघेवर काय होतं रे?" मी हळूच विचारलं.

"मला कुणीतरी बाजूला करतं. ढकलत नाही. गर्दीत वाट काढताना माणूस 'जरा सरका' म्हणतो ना, तसं... मी सरकतो. पण दर वेळी जास्त लांब जावं लागतंय. परत यायला उशीर होतो, ली. एखाद्या दिवशी मला वाटच सापडायची नाही."

माझे हात थांबले.

सांगायला हवं होतं. कोट अडकवून त्याच पावली रॉस्कोकडे जायला हवं होतं.

"शनिवारी शेवटचा सामना आहे," मी म्हटलं. "तेवढा होऊ दे. मग सांगते."

"ली..."

"अरे, एकच तर राहिलाय!"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"तू त्याला बघायला येतेस. मला नाही."

"काहीतरीच काय बोलतोस!" मी म्हटलं. माझे कान तापले होते.

शनिवार आला. जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी जिना चढणार, एवढ्यात रॉस्को आडवा आला. टोपी हातात.

"मिस प्रूट, एक विचारू? आम्ही ते... त्याचं नाव घेतो, ते तुम्हाला चालतंय ना? रोज विचारीन म्हणतो, पण धीर होत नाही. वाईट वाटत असेल तर आत्ताच्या आत्ता बदलतो."

त्याच्या मागे बाकावर वेंडेल बुटाची नाडी बांधत होता. त्याचे हात थांबले.

एक शब्द पुरला असता.

"राहू दे," मी म्हटलं. "पंचालाही तेच सवयीचं झालंय."

वेंडेलने मान वर केली नाही. नाडी बांधली आणि आत गेला.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी दोन्ही संघ बरोबरीत होते, आणि शिट्टी वाजली.

फाऊल आमचा.

"हॅवरकॅम्प!"

वेंडेल रेघेवर आला. लोक उभे राहून किंचाळत होते...

आणि आवाज बंद झाला.

हळूहळू कमी झाला नाही, एकदम बंद. शेजारी मिसेस गँटचं तोंड हलताना दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. शेगडीत लाकूड फुटलेलं दिसलं, तेही मुक्याने.

खाली तो चेंडू गुडघ्यांमध्ये धरून थांबला.

मी 'हं'ची वाट बघत होते.

'हं' आलंच नाही.

त्याने मान वर केली...

माझ्याकडे बघितलं.

चेहरा माझ्या भावाचा. नजर ऑरिनची! अगदी तशीच, थोडी खट्याळ. मग त्याने एक हात चेंडूवरून काढला आणि मला बोलावलं. खाली ये, म्हणून.

अख्खा हंगाम मी याच नजरेसाठी झुरले. तिच्यासाठी भावाला रेघेवर उभं केलं.

आणि ती माझ्यावर पडली, तेव्हा मी काय केलं?

मी मिसेस गँटच्या हॅटमागे लपले.

हो, लपले. खुर्चीत खाली घसरून त्यांच्या पाठीआड झाले आणि तोंडावर हात दाबून धरला. माझा श्वास त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

थोड्या वेळाने हॅटच्या कडेने डोकावले. तो अजून वर बघत होता. गॅलरीतला एकेक चेहरा बघत पुढे सरकत होता. बाजारात आईचा हात सुटलेलं पोर बघतं ना, तसा. त्याचं हसू गेलं होतं.

नजर पुन्हा माझ्या बाजूला वळू लागली. मी डोळे गच्च मिटून घेतले.

मग एकदम आवाज आला. सगळ्या जिमचा, कानठळ्या बसवणारा.

वेंडेल रेघेवर गुडघे टेकून बसला होता. चेंडू हातातून निसटून गडगडत भिंतीपाशी गेला होता.

आम्ही हरलो. शेवटचा चेंडू त्यांनी टोपलीत टाकला.

"हात तुटले का रे?" लोक वेंडेलवर ओरडत होते. "बुजगावणं उभं केलं असतं तर बरं झालं असतं!" बाबा कोट उचलून कुणाकडे न बघता निघून गेले. वेंडेल तिथेच बसून सगळं ऐकत होता. त्याची काय चूक होती?

मिसेस गँट माझ्याकडे वळल्या.

"अगं, तुझा भाऊ तिथे पडलाय! आणि तू माझ्या पाठीमागे दडून काय बसलीयेस?"

मी खाली गेले. वेंडेलच्या तोंडातून वाफ येत होती. मी त्याचा हात धरायला गेले, तर त्याने काढून घेतला.

"गेला तो," एवढंच म्हणाला.

वेंडेल पुन्हा कधी खेळला नाही. त्याला काही झालं नाही, हात हळूहळू ठीक झाले. पुढे लग्न झालं, पोरं झाली. या विषयावर मात्र आम्ही दोघं कधी बोललो नाही.

बाबांचं दफन झालं, त्या दिवसापर्यंत.

लोक जेवून निघून गेले होते. मी भांडी विसळत होते आणि वेंडेल पुसत होता.

"ली, रेघेवर तो माझ्याशी बोलायचा," तो अचानक म्हणाला.

माझ्या हातातली बशी पाण्यात पडली.

"काय बोलायचा?"

"दर वेळी एकच. विचारायचा, चिमणी आलीये का? मी म्हणायचो, हो, वर बसलीये. मग म्हणायचा, भेटायला खाली का येत नाही?" वेंडेलने बशी उचलून पुसली. "ही चिमणी कोण, मला आजवर कळलं नाही. मी आपला तूच असशील असं धरून चालायचो."

चिमणी मला फक्त ऑरिन म्हणायचा. तेही दोघंच असताना. वेंडेलला मी कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"शेवटच्या दिवशी त्याने आणखी एक विचारलं. म्हणाला, ती मला घाबरते का रे?"

"तू... तू काय म्हणालास?"

"म्हटलं, छे! घाबरेल कशी? तुलाच बघायला तर येते ती." वेंडेल फडकं पिळत होता. "तू येशील असं वाटलं होतं मला. तू आलीस तर तो मला सोडेल, असं वाटलं होतं."

मी पुढची बशी विसळायला घेतली.

ऑरिनने त्या दिवशी वर का बघितलं, ते मला त्या स्वयंपाकघरात कळलं. मी हॅटमागे लपले ते त्याने पाहिलं की नाही, ते मात्र आजवर कळलेलं नाही. अजून कुठे शांत बसले आणि आजूबाजूचा आवाज थोडा जरी कमी झाला, की मी मुद्दाम भांडं आपटते, खुर्ची सरकवते, काहीतरी आवाज करते.

त्याच्या कबरीवर मी एकदाही गेलेले नाही. गावातल्या बायका म्हणतात, बिचारीला दुःख सोसवत नाही. मी त्यांना तसंच समजू देते.