डक्ट टेप लावलेली खोली

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली आहे.

मी विनीता. राहणार कराड. मला टाइप करता येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि माझी भाची अदिती लिहून घेतेय. ऑर्कुटवरचा तुमचा भुतांचा ग्रुप तिनेच मला दाखवला. तुमच्या सगळ्या गोष्टी अमावास्येच्या आणि रात्री बाराच्या. माझी तशी नाही.

माझी सकाळी अकराची आहे. लख्ख ऊन होतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी २००३. अमेरिकेतलं न्यू जर्सी, गाव आयसेलिन. पाच वर्षं झाली, पण तारीख विसरले नाही.

मी तिथे लेकीच्या, म्हणजे चैत्रालीच्या बाळंतपणाला गेले होते. ती आणि जावई सत्यजितराव, दोघंही कॉम्प्युटरवाले. नातू ईशान दहा आठवड्यांचा. आठ आठवडे झाले आणि चैत्राली ऑफिसला जायला लागली. तिकडे रजाच तेवढी. मग दिवसभर फ्लॅटमध्ये मी आणि बाळ. मला गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. दुसऱ्या मजल्यावरून पार्किंग बघत बसायचं.

पण बाळाची मला काळजी नव्हती. आमच्या गल्लीतली निम्मी बाळं माझ्या पायांवर न्हाली आहेत. त्याचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकते.

तेव्हा तिकडे युद्धाचं वारं होतं. इराकवर हल्ला आज होणार की उद्या, एवढंच. टीव्हीवर एका चॅनलवर पोरं गाण्यांच्या स्पर्धेत रडतायत, आणि दुसऱ्यावर नकाशे आणि रणगाडे. कोपऱ्यात नारिंगी पट्टी. धोका किती आहे ते त्या रंगावरून ओळखायचं म्हणे. पेट्रोल महिन्याभरात पंधरा-वीस सेंटनी चढलं, म्हणून ओक ट्री रोडवरच्या दुकानदाराने कणकेच्या पोत्याचा भाव वाढवला. लोक पाण्याचे कॅन भरभरून नेत होते. सत्यजितरावांनी गाडीला अमेरिकेचा झेंडा लावला होता.

"सेफ्टी म्हणून हो, आई," ते म्हणाले. "आपला रंग बघून उगाच कोणी काही समजायला नको."

त्यातच सरकारने सांगितलं, विषारी वायूचा हल्ला होऊ शकतो. घरातली एक खोली प्लॅस्टिक आणि डक्ट टेप लावून बंद करायची तयारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुकानातली टेप संपली. सत्यजितराव चार दुकानं फिरले आणि राखाडी टेपचे तीन रोल घेऊन आले. लॉटरी लागल्यासारखा चेहरा!

त्यांनी माझी आणि बाळाची खोली निवडली. खिडकीला जाड प्लॅस्टिक. गरम हवा येते त्या जाळीला प्लॅस्टिक. सगळीकडे टेप, तीही वाकडीतिकडी. कोपऱ्यात एक खोकं ठेवलं. त्यात पाणी, टॉर्च, रेडिओ, कात्री आणि उरलेली टेप.

"अहो, मग आम्हाला हवा कुठून?" मी विचारलं.

"दार उघडंच ठेवायचं, आई. अटॅक झाला तरच बंद करायचं."

तिथे मी सहा दिवस झोपले. खिडकी होती, पण बाहेरचं दिसत नव्हतं. नुसता पांढरा उजेड.

रविवारी बर्फ सुरू झालं. सोमवारी गाड्या गाडल्या गेल्या. सगळे घरात अडकलो. दुपारी आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होतो. बाळ चैत्रालीच्या मांडीवर.

आणि आतून आवाज आला...

खर्रर्रर्र...

टेपचा रोल कोणी लांब ओढला की येतो ना, तसा.

"टेप सुटली वाटतं," सत्यजितराव म्हणाले आणि आत गेले. मीही गेले.

एकही पट्टी सुटलेली नव्हती. खोकं बंद होतं.

"हीटिंगचे पाइप असतील," ते म्हणाले. मी मान डोलावली. पण त्या रात्री मी दाराकडे तोंड करून झोपले.

मंगळवारी रस्ते साफ झाले. दोघं ऑफिसला गेली. मी मुख्य दाराला आतून साखळी लावली.

ईशानला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, दूध ओढता येईना. दोन घोट घ्यायचा आणि रडायचा. माझा जीव तुटत होता. मला उपाय माहीत होता. धुरी! ओवा, बाळंतशोपा आणि वावडिंग निखाऱ्यावर टाकायचं आणि बाळाला त्या धुरावर शेकायचं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

पण चैत्रालीने बजावलं होतं. जानेवारीत मी एकदा धुरी केली तर छतावरचा अलार्म कोकलला आणि फायर ब्रिगेडची गाडी आली.

"आई, प्लीज! नो मोअर धुरी," ती रडकुंडीला आली होती. "डॉक्टरनी स्ट्रिक्टली नको सांगितलंय. प्रॉमिस कर."

मी प्रॉमिस केलं होतं.

आता घरात कोणी नव्हतं. अलार्म होता तो बाहेरच्या खोलीत. आणि माझ्याकडे एक अशी खोली होती, जिच्यातून धूर बाहेर जाणारच नव्हता.

मला स्वतःचं कौतुक वाटलं.

बाल्कनीत बार्बेक्यूच्या कोळशाची पिशवी होती. पिशवीवर लाल अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. मला कुठलं वाचता येतंय? आठ-दहा कोळसे मी गॅसवर लाल केले, लोखंडी कढईत घातले आणि खोलीत नेले. ईशान पाळण्यात झोपला होता. चाकांचा छोटा पाळणा. तो खोलीच्या दाराबाहेर भिंतीला लावून ठेवला. आधी खोली शेकून घ्यायची, दाट धूर बसू द्यायचा आणि मग त्याला आत आणायचं, असा बेत.

मी आत गेले, दार लावलं, फटीला टॉवेल लावला. ओवा टाकला. वास माहेरच्यासारखा.

पलंगावर टेकले. दहा मिनिटं झाली असतील, कदाचित जास्त. डोकं जड झालं. रात्री झोप झाली नाही ना, म्हणून असेल म्हटलं.

बाहेर ईशान रडायला लागला.

"आले रे राजा, आले," मी म्हणाले आणि उठायला गेले.

पाय उठेनात.

आणि तेव्हा...

खर्रर्रर्र...

दाराच्या पलीकडून. अगदी जवळून.

वरच्या चौकटीवर कोणीतरी टेप लावत होतं. डावीकडून उजवीकडे. सावकाश.

"सत्यजितराव?" मी हाक मारली. "अहो, मी आत आहे!"



खर्रर्रर्र... आता बाजूने, वरून खाली. मग दुसरी बाजू. मग खाली, टॉवेल होता तिथे. प्रत्येक पट्टीनंतर तळव्याने दाबून बसवल्याचा आवाज.

मी भिंत धरत दारापर्यंत गेले. मूठ फिरली. दार आत उघडतं, मी सगळा भार टाकून ओढलं.

तसूभरही हललं नाही.

बाहेर बाळ टाहो फोडत होतं. मी दारावर थापा मारल्या. "कोण आहे? बाळाला हात लावू नका! सोडा मला!"

आणि मग ईशानचं रडणं थांबलं.

एकदम नाही. हळूहळू. कोणी उचलून घेतल्यावर मूल थांबतं ना, हुंदके देत देत, तसं.

लाकडी जमीन करकरली. एक पाऊल... दुसरं... दाराकडून दूर. मग पाळण्याच्या चाकांचा आवाज, तोही दूर दूर.

मग काहीच नाही.

तुम्हाला सांगते, रडण्याचा आवाज नकोसा होतो म्हणतात. त्या दिवशी तो परत यावा म्हणून मी देवाला विनवलं. आला नाही. मी ज्या खोलीत अडकले होते तिच्या पलीकडे माझा नातू कोणाच्या तरी हातात होता आणि मला तिथपर्यंत जाता येत नव्हतं.

डोळ्यांपुढे अंधारी आली. मी रांगत खोक्यापर्यंत गेले. कात्री सापडली. खिडकीचं प्लॅस्टिक फाडलं, दोन्ही हातांनी काच वर ढकलली. गार वारा तोंडावर आला. मला भडभडून उलटी झाली. किती वेळ तशी लोंबकळत होते, आठवत नाही.

अंगात जरा त्राण आल्यावर परत दाराकडे गेले. मूठ ओढली.

या वेळी ते उघडलं. टेप फाटत, सुटत, खर्रर्र आवाज करत.

पाळणा दारापाशी नव्हता.

तो बाहेरच्या खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होता, बाल्कनीच्या काचेपाशी. काचेचं दार दोन बोटं उघडं होतं. ईशान शांत झोपला होता. श्वास मोकळा. माझ्या दुपट्यात गुंडाळलेला, पण मी गुंडाळते तसा नाही. हात आत, घट्ट, टोक मानेमागे खोचलेलं. असं आमच्याकडे कोणी करत नाही.

मुख्य दाराची साखळी आतून लागलेली होती. न्हाणीघर, कपाटं, सगळं बघितलं. कोणी नव्हतं.

मग मी खोलीच्या दाराकडे वळले. चौकटीच्या चारही कडांना बाहेरून टेप. राखाडीच, आमच्यासारखी. पण सरळ, एकही सुरकुती नाही.

खोकं माझ्याबरोबर आत होतं. उरलेली टेप त्यातच होती.

मी काय केलं, ऐका. घाबरून शेजाऱ्यांकडे गेले नाही. आधी ती सगळी टेप सोलून काढली, गोळा करून कचऱ्यात खाली दाबली. कढई बाल्कनीतल्या बर्फात उपडी केली. खिडकी लावली. प्रॉमिस मोडलेलं कळू नये म्हणून.

संध्याकाळी सत्यजितरावांनी फाटलेलं प्लॅस्टिक बघितलं. "आई, हे काय?"

"जीव घुसमटला," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

ते पुन्हा चिकटवायला निघाले. मी वाटेत उभी राहिले. "बाळ त्या खोलीत झोपणार नाही. मीही नाही." आयुष्यात जावयावर तेवढा एकदाच आवाज चढवला. चैत्राली त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "राहू दे रे, शी इज होमसिक." मी ऐकून घेतलं.

आठवड्याने चैत्राली जेवताना पेपरमधली बातमी सांगत होती. बर्फात वीज गेली म्हणून एका कुटुंबाने ऊब यावी म्हणून घरात कोळशाची शेगडी पेटवली होती.

"कोळशाच्या त्या गॅसला ना वास असतो ना रंग, आई. माणसं झोपेतच गेली. लहान बाळ तर म्हणे मिनिटांत..."

घास माझ्या हातातच राहिला.

त्या दिवशी मला वाटलं होतं, कोणीतरी मला कोंडून माझ्या बाळाला न्यायला आलंय. पाच मिनिटं उशीर झाला असता तर मीच ईशानला मांडीवर घेऊन त्या खोलीत बसले असते. दार लावून. फटीला टॉवेल लावून. अंगाई म्हणत.

विष त्या खोलीत होतं आणि ते मी आणलं होतं. कोणीतरी ते बाळापर्यंत पोहोचू दिलं नाही. माझं आत काय होईल, याची त्याला फिकीर नव्हती.

कोण होतं? मला माहीत नाही. त्या फ्लॅटची आधीची हकीकत मी कधी विचारली नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मेमध्ये परत आले.

आता चैत्राली दुसऱ्यांदा गरोदर आहे. ती दोघं जॉर्जियात अल्फारेटाला राहतात. काल तिचा फोन आला होता.

"आई, यू हॅव टु कम! ब्रँड न्यू घर आहे, आमच्या आधी कोणी राहिलेलंच नाही. तुला सेपरेट रूम ठेवलीय. तुझ्याशिवाय बाळाला कोण बघणार?"

मी गुडघ्याचं कारण सांगितलं. ती रडली. मीही इकडे रडले. अदिती मघापासून म्हणतेय, "मावशी, आता तर घाबरायचं काही कारणच नाही. तिथे कोणी नाहीये."

तिला कसं सांगू? तिथे कोणी नाही, याचीच मला भीती वाटते.