आवळल्याची खूण

"या घरात एक झाकण धड बसेल तर शपथ!"

सासूबाई कुकरशी झटापट करत पुटपुटल्या. हळूच. पण समोरच्याला ऐकू जाईल इतक्याच हळू. ही कला त्यांना चांगली साधली होती.

थोरल्या सुनेने कुकर त्यांच्या हातातून घेतला. झाकणाचं काहीच बिघडलं नव्हतं. दांडा सैल झाला होता. खालचा स्क्रू नुसत्या बोटाने फिरत होता.

आणि त्या स्क्रूवर...

एक बारीक रेषा होती. मरून रंगाची. स्क्रूच्या डोक्यावरून थेट दांड्यावर ओढलेली.

थोरलीने बोट लावलं.

ओली होती.

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या विनवण्या करणार नाही. थोरली माझी सख्खी मावसबहीण. त्या स्वयंपाकघरात मी जेवले आहे, तो कुकर मी घासला आहे. आणि तिला साधी थाप मारायची म्हटली तरी कान लाल होतात, ती असलं काय रचणार? तिने सांगितल्यापासून माझ्या घरातला एकही स्क्रू मी निवांतपणे बघितलेला नाही. हसा खुशाल.

बरं, हे सगळं टोकाला गेलं ती अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हती. थंडी नुकती सुरू झाली होती, रविवार होता आणि चांगलं ऊन पडलं होतं. भुतं अंधारातच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी सुखाने झोपावं.

घर कसं होतं ते सांगते. खाली गॅरेज, वर राहायचं घर, मध्ये लोखंडी जिना. गॅरेज थोरलीच्या नवऱ्याचं. त्याला सगळं जग मिस्त्री म्हणायचं, म्हणून थोरलीही मिस्त्रीच म्हणायची. स्वयंपाकघराला एक आतली खिडकी होती, तिच्यातून खालचं गॅरेज अख्खं दिसायचं. सासूबाईंची खुर्ची कायम त्या खिडकीत. भाजी निवडता निवडता दोन्ही मुलांवर नजर.

धाकटा मुलगा गेल्यापासून ती खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती.

का, ते कुणी विचारलं नाही.

धाकट्याला सगळे टिल्लू म्हणायचे. उंचीने बेतास बात. देवाने जी उंची त्याला दिली नाही ती त्याने जीपला दिली. मिस्त्रीचा धंदाच तो होता, जीपा उंच करायचा. मोठी चाकं, लांब स्प्रिंगा, खडकावरून जाताना पोट घासायला नको. टिल्लूची जीप तर इतकी उंच झाली की चढायला त्याला लाकडी स्टूल लागायचं. ते स्टूल तो जीपमध्येच ठेवायचा.

"भावजी, ही गाडी आहे की गच्ची?" थोरली विचारायची.

"वहिनी, वर या. इथून तुमचं माहेर दिसतं!"

असा माणूस.

गाडी उंच करणं दिसतं तेवढं सोपं नसतं. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब लोखंडी शाफ्ट फिरत असतो. गाडीचं अंग वर उचललं, पण चाकं जमिनीवरच राहतात. मग तो शाफ्ट जिन्यासारखा तिरका होतो. तिरका झाला की थरथरतो. थरथरला की त्याचे बोल्ट सैल व्हायला बघतात. म्हणून मिस्त्रीची एक पद्धत होती. बोल्ट पान्याने करकचून आवळायचा आणि मग त्याच्यावरून एक रेषा ओढायची. रेषा अखंड दिसली की समजावं, बोल्ट जागेवर आहे. तुटलेली दिसली की समजावं, फिरला.

रेषा ओढायला रंग कुठला? तर थोरलीचं नेलपेंट. मरून. आणि ओढायचीही थोरलीच. तिचा हात बारीक, कुठल्याही कपारीत जायचा. "माझ्या बायकोने सही केल्याशिवाय गाडी सुटत नाही," मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचा. तिलाही ते आवडायचं. कशाला खोटं बोला?

आधी आवळायचं, मग रेषा. नेहमी.

फक्त टिल्लूच्या जीपच्या दिवशी बाटलीत तळाशी थोडंसंच नेलपेंट उरलं होतं आणि तेही सुकत चाललं होतं. मिस्त्रीने बोल्ट हातानेच बसवले होते. तो म्हणाला, "तू रेषा ओढून घे गं, नाहीतर सगळं वाळून जाईल. मी मागून आवळतो."

घरचीच तर गाडी.

तिने रेषा ओढल्या आणि पोळ्या करायला वर निघून आली.

पुढच्या रविवारी टिल्लू बायकोला घेऊन जुन्या खाणीच्या चढावर गेला. चढाच्या पायथ्याशी त्याने बायकोला उतरवलं. "खालून व्हिडिओ काढ. मी उंच दिसलो पाहिजे." ती उतरली. फोन धरून उभी राहिली.

अर्ध्या चढावर खालून आवाज आला.

धप्.

मग धप्... धप्...

मग धप् धप् धप् धप्.

शाफ्ट सुटला होता. फिरता फिरता एखाद्या सोट्यासारखा गाडीचं पोट झोडपत होता. त्याने पेट्रोलची नळी तोडली. पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं.

जीप इतकी उंच होती, की उतरायला टिल्लूला स्टूल लागायचं.

स्टूल मागे होतं.

एवढंच सांगते. बाकी धाकटीने, त्याच्या बायकोने, पाहिलं, ते तिच्यापाशी.

घरात मात्र त्या दिवसाची वेगळीच गोष्ट तयार झाली. कुणी ठरवून केली नाही, पण पाहुण्यारावळ्यांना सांगता सांगता घट्ट झाली. टिल्लूला मस्ती नडली. बायकोलाच व्हिडिओची हौस. आणि सासूबाई वरून मीठ चोळायच्या, "ती बरी वेळेवर उतरली!"

धाकटी ऐकून घ्यायची. खालमानेने, ओठ मिटून.

थोरलीही ऐकून घ्यायची. तिला एकच प्रश्न पडायचा. त्या दिवशी मिस्त्रीने मागून बोल्ट आवळले होते ना? तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. म्हणून विचारलं नाही. नेलपेंटची रिकामी बाटली तेवढी कचऱ्यात टाकली. नवी आणली नाही.

आणि तरीही कुकरवर रेषा होती.

तो पहिला दिवस. मग सुरूच झालं.

कपाटाच्या बिजागरीवर रेषा... हात लावला तर बिजागरी लटकलेली.

पलंगाच्या पायाला रेषा... पाय डुगडुगता.

बाथरूमच्या नळावर, सासूबाईंच्या काठीच्या मुठीवर, मिस्त्रीच्या चष्म्याच्या इवल्याशा स्क्रूवरसुद्धा.

जिथे जिथे रेषा, तिथे तिथे सैल. एकदाही चुकलं नाही.

मिस्त्री गुपचूप पेचकस आणायचा, आवळायचा, रेषा अंगठ्याने पुसायचा. थोरली एकदा म्हणाली, "अहो, हे कोण करतंय?"

"जुनं सामान आहे. सैल होणारच."

"आणि रेषा?"

तो पेचकस खिशात घालून खाली निघून गेला. त्याचा अंगठा मात्र मरूनच होता. साबणाने जाईना.

त्यात सासूबाईंनी धाकटीच्या भावाला फोन केला. बहिणीला घेऊन जा म्हणाल्या. "आम्हाला ती समोर दिसली की तोच दिवस आठवतो," असं गोड शब्दांत. म्हणजे नवरा गेला, घर गेलं, आणि जन्माचा डाग मात्र सोबत न्यायचा. भाऊ रविवारी दुपारी यायचा होता. तोच हा रविवार.

जेवणं झाली होती. धाकटी आत बॅग भरत होती. मिस्त्री पलंगावर छताकडे बघत पडला होता. थोरली भांडी पुसत होती.

आणि आवाज आला, गेल्या काही दिवसांत आपल्या एकटीलाच ऐकू येतो असं तिला वाटणारा...

धप्.

खालून. गॅरेजमधून.

थोरलीच्या हातातलं फडकं थांबलं. गॅरेजला कुलूप होतं. किल्ली समोर खिळ्याला लटकलेली.

धप्... धप्...

तिने किल्ली घेतली आणि जिना उतरली. मी विचारलं, "भीती नाही गं वाटली?" म्हणाली, "वाटली. पण वर बसून ऐकत राहायची जास्त वाटली."

तिने कुलूप काढलं. आवाज बंद.

आत एका दातांच्या डॉक्टरांची जीप ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली होती. टिल्लूनंतर मिस्त्रीने हातात घेतलेली पहिलीच. चाकं काढलेली, इंजिन बंद, बॅटरीसुद्धा सोडवून बाजूला ठेवलेली. बाहेर रस्त्यावर नेहमी कुत्री भुंकतात, समोरच्या दुकानात रेडिओ वाजतो. त्या क्षणी काहीच नव्हतं. कानात कापूस कोंबावा तसं.

ती वाकली. जीपच्या पोटाखाली बघितलं.

शाफ्ट फिरत होता.

अगदी सावकाश. कुणीतरी हाताने फिरवून बघावा तसा. फिरता फिरता थांबला, आणि बोल्टांची बाजू तिच्या समोर आली.

चारही बोल्टांवर मरून रेषा. ओल्या.

तिने एक नट चिमटीत धरला. नुसत्या बोटांनी फिरला.

ती उठायला गेली आणि तिचा गुडघा कशावर तरी आपटला.

लाकडी स्टूल होतं. जीपच्या दाराला लावून ठेवलेलं. कुणीतरी नुकतंच वर चढून बसल्यासारखं.

ते स्टूल जीपबरोबर जळालं होतं. त्याचा कोळसा तिने स्वतः पाहिला होता.

थोरली पळाली नाही. तिने स्टुलाकडे बघितलं, जीपच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि म्हणाली, "कळलं, भावजी."

 सीटची स्प्रिंग किंचित कुरकुरली...

ती वर आली तेव्हा धाकटी ओट्यापाशी उभी होती. बॅग दाराशी. "दादा येतीलच. जाता जाता सगळ्यांना चहा करते, ताई," ती म्हणाली. भांड्यात पाणी होतं. हातात लायटर.

थोरलीला वास आला.

गॅसचा नाही. आधी आला तो नेलपेंटचा.

"पेटवू नकोस!"

धाकटी जागच्या जागी गोठली. मग दोघींना गॅसचाही वास आला. थोरलीने सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, आतली खिडकीसुद्धा, जी टिल्लू गेल्यापासून कुणी उघडली नव्हती. ओट्याखाली वाकून बघितलं. नळीची क्लिप सैल सुटलेली होती.

तिच्यावर रेषा.

ओरडा ऐकून मिस्त्री आला, मागोमाग काठी टेकत सासूबाई. सासूबाईंनी नाक मुरडलं आणि एक नजर धाकटीच्या हातातल्या लायटरवर टाकली.

"बघा! जाता जाता घर पेटवूनच निघाली होती. नवऱ्याचं झालं, आता आमचं!"

आजवर कधी न बोललेली धाकटी बोलली. आवाज चढवला नाही.

"आई, मी उतरले ती त्यांनी उतरवलं म्हणून. त्यांनी मला हात दिला होता. पडशील म्हणाले, जपून. हे तुम्हाला एकदा सांगायचं होतं. आता जाते."

तिने लायटर ओट्यावर ठेवला.

मग उघड्या खिडकीतून खालचा आवाज आला.

धप्...

सगळ्यांनी ऐकलं. थोरलीने एकेकाचं तोंड बघितलं. मिस्त्रीचं, सासूबाईंचं, धाकटीचं. सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि तिला कळलं, इतके दिवस सगळेच ऐकत होते.

धप्... धप्...

मिस्त्री ओट्यापाशी खाली बसला. खिशातून पेचकस काढला. टोक क्लिपवर बसेना. "आवळतो," तो म्हणाला. "आवळतो मी. आत्ता आवळतो. एक मिनिट. आवळतो..."

धप् धप् धप् धप्.

थोरलीने तोंड उघडलं. तिला बोलायचंच होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्याआधी सासूबाई हलल्या. भिंतीकडे तोंड केलेली आपली खुर्ची त्यांनी काठीने ओढली, खिडकीकडे वळवली आणि तिच्यात बसल्या. खाली बघितलं. कितीतरी दिवसांनी.

"आता आवळतोस होय?" त्या म्हणाल्या. पुटपुटल्या नाहीत. स्पष्ट. "त्या दिवशी मी जेवायला हाक मारली. तू पाना खाली टाकून वर आलास. जेवून गेलास, रेषा बघितल्यास आणि ठोकळ्यांवरून गाडी खाली घेतलीस. मी इथेच बसले होते. या खुर्चीत."

खालचा आवाज थांबला.

"तू बोल्ट आवळलेच नव्हतेस रे."