सोळा ठिपक्यांची लोला

खोटं मी आयुष्यात एकदाच बोलले. तेही यातच सांगणार आहे. बाकी सगळं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. पटलं तर घ्या.

फिलिपिन्समधलं इलोइलो शहर, मोलो भाग. पाच वर्षांपूर्वीच्या मार्चमधला शुक्रवार. माझा ईस्टरआधीचा उपवास होता. भर दुपार.

धाकटी बहीण दिवी माझ्याकडेच राहायची. नवरा जहाजावर. तिला सातवा महिना लागला होता. आधीची दोन राहिली नव्हती, म्हणून या बाळाला आम्ही दोघी जिवापाड जपत होतो.

दिवी घरबसल्या दुकानांच्या वेबसाइट करायची. वेबसाइटच्या नावाशेजारी इवलंसं चित्र असतं ना, किंवा डेस्कटॉपवर क्लिक करायचं असतं ते, तो आयकॉन. फोटोवरून आयकॉन करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बेकरीची म्हातारी गेली. लोला पासिंग. लोला म्हणजे आजी, ही सगळ्या गल्लीची. तिचा मुलगा एलिसेओ म्हणाला, "वेबसाइटवर आईच हवी. रविवारी पुरायच्या आत."

आमच्याकडे मयताच्या घरून थेट घरी येत नाहीत. वाटेत कुठेतरी टेकायचं, कॉफी घ्यायची, मग घर. मागे लागलेलं असेल ते वाट चुकतं. आणि पोटुशीनं तर तिथं पाऊलही टाकायचं नाही.

म्हणून फोटो आणायला मी गेले.

शवपेटीजवळच एलिसेओनं पेन ड्राइव्ह हातात ठेवला. मला सगळी गल्ली मानांग म्हणते, म्हणजे ताई. "मानांग, कोपऱ्यावर कॉफी पिऊन जा हं. आई फार चिकट. उधारीवाल्याच्या मागे पार त्याच्या घरापर्यंत जायची."

बायका रुमालाआड हसल्या.

मी घड्याळ पाहिलं. तीनला दहा कमी. माझी तीनची प्रार्थना अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती...

मी थेट घरी आले.

"मानांग, वाटेत थांबलीस ना?" दिवीनं विचारलं.

"हो गं."

एवढंच. ते एक खोटं.

मी माळ घेऊन देवापुढे बसले. पाठीमागे दिवीच्या माउसची टिकटिक चालू होती. दहा मण्यांची दुसरी दहाई संपत आली...

टिकटिक थांबली.

आणि पावाचा वास आला. गरम, भट्टीतून आत्ता काढलेल्या पावाचा.

बेकरी चार दिवस बंद होती.

"मानांग... जरा इकडे ये."

मूळ फोटोत लोला दुकानाच्या दारात उभी. दोन्ही हात खाली, रिकामे. दिवीनं मागचं दुकान पुसून फक्त लोला ठेवली होती. आयकॉनची फाइल एकच असते, पण तिच्यात तेच चित्र लहानमोठ्या मापांत भरतात. सगळ्यात लहान माप सोळा ठिपके बाय सोळा ठिपके.

मोठ्या मापात हात रिकामे.

त्याहून लहान मापात... हात छातीशी आलेले.

त्याहून लहान मापात हातांत काहीतरी पांढरं.

आणि सोळात... चेहरा नाही, डोळे नाहीत. नुसता करडा डाग. त्याच्या मधोमध दोन पांढरे ठिपके. दुपट्यात गुंडाळल्यासारखे.

"पाव असेल गं," मी म्हणाले.

"मी काय बेकरी उघडलीय?" दिवी हसली, पण ओठ कोरडे पडले होते. "लहान करताना गोष्टी पुसल्या जातात, मानांग. नव्या येत नाहीत."

तिनं फाइल पुन्हा केली. तीनदा केली.

तिन्ही वेळा दोन ठिपके.

मग तिनं हळूच पोटावर हात ठेवला.

"तू आलीस ना, तेव्हा लाथ मारली होती त्यानं. त्यानंतर..."

मी तिला घेऊन तशीच निघाले.

दवाखान्यात डॉक्टरीण बराच वेळ पोटावर यंत्र फिरवत राहिली. आम्ही ठोके ऐकायला श्वास रोखून होतो.

ठोके नव्हतेच.

मुलगा होता.

एलिसेओनं पुढं वेबसाइटवर लोलाऐवजी पावाचं चित्र लावलं. सगळ्यांना पावच दिसतो. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र लोलाच. दिवी म्हणाली, "जुना आयकॉन मशीन काही दिवस धरून ठेवतं, मग जातो." मी पुसून पाहिला. कॉम्प्युटर बदलला.

गेला नाही.

रोज तीनची माळ झाली की मी पाहते. नको वाटतं, तरी पाहते. पहिल्या वर्षी ते दोन ठिपके तिच्या कुशीत होते. पुढच्या वर्षी तिच्या झग्याशेजारी, जमिनीवर. टाचणीच्या टोकानं मी ते मोजते.

यंदा पाच आहेत. एकावर एक. उभे.

दिवीला पुन्हा दिवस गेलेत. पाचवा महिना. मी त्या दिवशी कुठंच थांबले नव्हते, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

काल म्हणाली, "मानांग, उद्यापासून माझ्यासाठी एक माळ जास्त कर ना."

आज केली. मग कॉम्प्युटर लावला.

लोलाच्या एका हातात त्या पोराचा हात आहे. दुसरा हात आजवर खाली असायचा.

आज तो पुढे आलाय... आणि रिकामा आहे.